नकाशा दिसतो, पारायण दिसत नाही

प्रश्न : गेल्या दसऱ्याला नवी गाडी घेतली. फोन जोडला की पडद्यावर गूगल मॅप्स येतो, फोनही लागतो. पण आम्ही घरी ज्या अ‍ॅपवर श्रीगजानन विजय ग्रंथाचं पारायण ऐकतो, ते गाडीत दिसतच नाही. गाण्यांचं दुसरं एक अ‍ॅप दिसतं, पण शेगावच्या रस्त्याला जानेफळ ओलांडलं की बंद पडतं. व्हॉट्सअ‍ॅप कधी निरोप वाचून दाखवतं, कधी गप्प बसतं. शोरूमवाले म्हणतात गाडी ठीक आहे, मोबाइलवाले म्हणतात फोन ठीक आहे. पुतण्या म्हणतो, ‘काका, अननोन सोर्सेस चालू करा, यूट्यूबसुद्धा लागतं.’ मग हे होतं काहून? बिघाड नेमका कशात आहे?
— एक वाचक, मेहकर

उत्तर : शोरूमवाले आणि मोबाइलवाले दोघंही बहुधा खरंच बोलताहेत. तुमच्या पत्रात तीन निरनिराळ्या तक्रारी आहेत आणि त्यातली पहिली तर बिघाडच नाही. पुतण्याकडे शेवटी येऊ.

गाडीतला तो आठ-नऊ इंची पडदा पाहिला की वाटतं, फोनमधली अ‍ॅप गाडीत उतरली. तसं काही होत नाही. अँड्रॉइड ऑटो असो की आयफोनवाल्यांचं कारप्ले, सगळं काम फोनच करतो. नकाशा तो काढतो, गाणं तो वाजवतो आणि तयार झालेलं चित्र व्हिडिओसारखं केबलमधून किंवा वाय-फायवरून गाडीकडे पाठवत राहतो. गाडी ते दाखवते, तुमचं बोट पडद्यावर कुठे टेकलं ते फोनला कळवते आणि आपला माइक, आपले स्पीकर त्याला वापरायला देते. टुरिंग टॉकीजच्या पडद्याला सिनेमा जेवढा ठाऊक असतो, तेवढंच गाडीला तुमचं अ‍ॅप ठाऊक असतं. म्हणून शोरूममध्ये गाडीला लॅपटॉप लावून काही सापडत नाही आणि दुकानात फोन नुसता उघडून पाहिला तरी काही सापडत नाही. दोष असलाच तर तो जोडणीत असतो, नाहीतर फोनने त्या अ‍ॅपवर घातलेल्या बंधनात. दोन्ही गोष्टी गाडीत बसून, फोन जोडलेला असतानाच दिसतात.

तेव्हा आधी एवढंच बघा : बंद पडतं ते एकच अ‍ॅप, की नकाशासकट सगळंच जातं? सगळंच गेलं तर जोडणी तपासायची. नकाशा जागच्या जागी आणि गाणं तेवढं गेलं, तर केबलला हात लावायचं कारण नाही. लोक नेमकं उलटं करतात. एक अ‍ॅप अडलं की नवी केबल आणतात आणि सगळंच तुटत असलं की अ‍ॅप काढून पुन्हा टाकतात.

आता पारायण. फोनमधलं कुठलंही अ‍ॅप गाडीच्या पडद्यावर यावं अशी ही व्यवस्था कधीच नव्हती. मार्च २०१४ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात अ‍ॅपलने कारप्ले दाखवलं, त्याच वर्षी जूनमध्ये गूगलने अँड्रॉइड ऑटो जाहीर केलं, आणि भारतात ते २०१६ मध्ये आलं. पहिल्यापासून दोघांनीही दारावर पहारा ठेवला. संगीत आणि बोलका मजकूर, निरोप, रस्ता दाखवणं आणि पुढे चार्जिंग, पार्किंग, पेट्रोल अशा ठरावीक प्रकारांतलीच अ‍ॅप आत येतात. कारप्लेने तर दुसऱ्या कंपन्यांच्या नकाशांना २०१८ पर्यंत थारा दिला नव्हता. त्या वर्षीच्या आयओएस १२ पासून गूगल मॅप्स आणि वेझ तिथे दिसू लागले.

ज्यांना आत घेतलं, त्यांनाही मनासारखं नटता येत नाही. गाण्याचं अ‍ॅप फक्त यादी, गाण्याचं नाव आणि मुखपृष्ठाचं चित्र पुरवतं. बटणं किती मोठी आणि कुठे, हे अँड्रॉइड ऑटो ठरवतं. म्हणून गाडीत सगळी संगीताची अ‍ॅप भावंडांसारखी दिसतात. निरोपाचं अ‍ॅप तर मजकूर दाखवतही नाही, वाचून ऐकवतं. चालकाची नजर रस्त्यावरून कमीत कमी हलावी, एवढाच सगळ्यामागचा हिशेब.

हे सगळं अ‍ॅप बनवणाऱ्याला मुद्दाम करावं लागतं. आपलं अ‍ॅप गाडीसाठी आहे असं त्यात नोंदवायचं, यादी ठरावीक साच्यात द्यायची, गूगलची तपासणी पार करायची. अ‍ॅपलकडे तर आधी परवानगीच मागावी लागते. भजन-पारायणाची, पंचांगाची, बाजारभावाची अ‍ॅप बहुतेकदा एक-दोन माणसांनी हौसेने केलेली असतात. त्यांनी एवढा खटाटोप केलेला नसतो. तुमचं पारायणाचं अ‍ॅप याच कारणाने दिसत नाही असा माझा अंदाज आहे, आणि तो पडताळायला दोन मिनिटंही लागत नाहीत. फोनच्या सेटिंग्जमध्ये शोधपट्टीत ‘अँड्रॉइड ऑटो’ लिहा, ते उघडा आणि ‘कस्टमाइज लाँचर’ या ओळीवर जा. फोन मराठीत ठेवला असेल तर नाव थोडं निराळं दिसेल. तिथे तुमच्या फोनमधली गाडीत चालू शकणारी अ‍ॅप ओळीने लागलेली असतात, प्रत्येकापुढे चौकोन. अ‍ॅप यादीत आहे पण चौकोन रिकामा आहे, तर टिचकी मारा, काम झालं. यादीतच नाही, तर ते गाडीसाठी बनलेलंच नाही. मग केबल बदला, गाडी रीसेट करा की शोरूमला दहा खेपा घाला, ते येणार नाही. आयफोनवर हीच यादी सेटिंग्ज, जनरल, कारप्ले, मग आपली गाडी निवडून ‘कस्टमाइज’मध्ये मिळते.

पण पारायण ऐकायला ते अ‍ॅपच कशाला हवं? ध्वनिफिती फाइलच्या रूपात तुमच्याकडे असतील, निदान घरातल्या जुन्या सीडीवरून उतरवून घेता येत असतील, तर व्हीएलसी नावाचा फुकट प्लेअर फोनमध्ये टाका. तो अँड्रॉइड ऑटोत दिसतो आणि फोनमधल्याच फाइल वाजवतो, म्हणजे नेटचीही गरज नाही. एक बारीक काळजी घ्या. दासगणूंचा ग्रंथ २१ अध्यायांचा. फाइलना नुसती ‘अध्याय १’, ‘अध्याय २’ अशी नावं दिली तर पुष्कळ प्लेअर ती अक्षरांसारखी लावतात. पहिल्यानंतर दहावा, अकरावा, पुढे दुसऱ्यानंतर विसावा असं पारायण उड्या मारत चालतं. नावं ०१, ०२, ०३ अशी द्या. गाडी सुरू व्हायच्या आत पहिला अध्याय लावून ठेवा, पुढचे आपोआप येत राहतील.

आता दुसरी तक्रार, जानेफळच्या पुढे बंद पडणारं गाण्याचं अ‍ॅप. अ‍ॅप दोन तऱ्हांनी बंद पडतं आणि पडद्याकडे पाहून त्या ओळखता येतात. गाण्याचं चित्र जागेवर आहे, मधोमध गोल फिरतोय, आवाज नाही, तर नेट गेलं. पण अ‍ॅप एकदम नाहीसं झालं, किंवा ते सध्या नीट चालत नसल्याची इंग्रजी ओळ आली, तर फोननेच ते मारलं. हे बघायचं काम शेजारी बसलेल्याला सांगा.

नेट गेलं तर फारसं काही बिघडलेलं नाही. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात टॉवरची साखळी सगळीकडे सारखी नाही. बुलढाण्याहून खामगावला बोथ्याच्या जंगलातून जाणारा रस्ता किंवा वर संग्रामपूरकडचा सातपुड्याचा पायथा आठवा. गाणी आधीच उतरवून ठेवायची. नकाशाचंही तेच : गूगल मॅप्समध्ये ‘ऑफलाइन मॅप्स’ आहे, त्यात चौकट ओढून अख्खा जिल्हा घरच्या वाय-फायवर उतरवता येतो. नेट गेलं की जीपीएस जातं, हा समज मात्र सोडा. जागा कळते ती उपग्रहांमुळे, टॉवर नसला तरी. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ हजारो किलोमीटर भटकून आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात मुक्कामाला आला. वाटेतली त्याची जागा गळ्यातल्या कॉलरमुळे कळत राहिली, त्याला कुठलं रिचार्ज करावं लागलं नाही. उतरवलेला नकाशा अधूनमधून ताजा करा एवढंच. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. त्याआधीचा नकाशा कुणाच्या फोनमध्ये उरला असेल, तर त्याची गाडी पडद्यावर शेतातून धावताना दिसेल.

फोनने अ‍ॅप मारलं असेल तर दोष बहुतेकदा बॅटरी वाचवण्याच्या हव्यासात असतो. आपल्याकडे जास्त खपणाऱ्या फोनपैकी कित्येक या बाबतीत फारच कंजूष. स्क्रीन बंद आणि माणूस हात लावत नाही, एवढं दिसलं की मागे चालणारी अ‍ॅप ते उडवतात. फोन खिशात, अ‍ॅप गाडीच्या पडद्यावर; फोनच्या लेखी ते वापरात नसल्यासारखंच. सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅप्स’, मग ते गाण्याचं अ‍ॅप, मग ‘बॅटरी’ आणि तिथे ‘अनरिस्ट्रिक्टेड’ किंवा ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ निवडा. रेडमी-पोको असेल तर शिवाय ‘ऑटोस्टार्ट’ चालू करा. सॅमसंग असेल तर अ‍ॅप ‘स्लीपिंग अ‍ॅप्स’च्या यादीत जाऊन पडलंय का ते बघा. हेच अँड्रॉइड ऑटो आणि गूगल मॅप्स यांच्यासाठीही करा. फोनचं एकूण बॅटरी सेव्हर प्रवासात बंद ठेवा. ते चालू असलं तर नकाशातला बाणही मागे रेंगाळतो. माझं मत विचाराल तर ऐन रस्त्यात बंद पडणाऱ्या अ‍ॅपच्या तक्रारी यानेच मोठ्या प्रमाणात संपतात, आणि हे सोडून लोक बाकी सगळं करतात.

तरीही अडलं तर त्या अ‍ॅपचा ‘कॅशे’ साफ करा. शेजारचं ‘क्लिअर डेटा’ किंवा ‘क्लिअर स्टोरेज’ दाबू नका, नाहीतर उतरवलेली सगळी गाणी जातील आणि पासवर्ड आठवत बसावं लागेल. मग अ‍ॅप, अँड्रॉइड ऑटो आणि गूगल प्ले सर्व्हिसेस तिन्ही अपडेट करा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि एक फेरी मारून बघा, म्हणजे कशाने जमलं ते कळेल.

व्हॉट्सअ‍ॅप थोडक्यात उरकतो. गाडीत जे येतं ते व्हॉट्सअ‍ॅप नव्हे, त्याची सूचना येते. फोनवर सूचना उमटली नाही तर गाडीला काही कळत नाही. म्यूट केलेले गट, ‘डू नॉट डिस्टर्ब’, सूचनांची न दिलेली परवानगी ही कारणं आधी बघा. अँड्रॉइड ऑटोच्या सेटिंग्जमध्ये गटांचे निरोप दाखवायचे की नाही, याचं वेगळं बटण असतं. ते बंद असेल तर तुम्हाला वाटतं कधी वाचतं, कधी नाही. खरं म्हणजे ते भावाचा निरोप वाचतं आणि भावकीच्या गटाचा सोडून देतं. मला विचाराल तर ते बंदच असू द्या.

जोडणीचं दुखणं तुमच्या पत्रात नाही, पण हे वाचणाऱ्या निम्म्यांना तेच असेल. सगळंच तुटत असेल, खड्ड्यात चाक गेलं की पडदा काळा होत असेल, तर पहिला संशय केबलवर, आणि त्याहूनही फोनच्या भोकावर. चार्जिंगपुरत्या स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. फोन चार्ज होतो आणि गाडीला मात्र फोन जोडल्याचं कळतही नाही. केबल डेटाची घ्या आणि मीटरभराहून लांब नको. मग टॉर्च लावून फोनच्या टाइप-सी भोकात डोकावा. कापसाच्या दिवसांत जिनिंगवर माल घालायला जाणाऱ्यांच्या खिशात सरकी-रुईचा बारीक तूस असतोच. तो भोकात जातो आणि दर वेळी केबल खुपसली की आणखी दाबला जातो. काही महिन्यांत तळाशी राखाडी, घट्ट, नमद्यासारखी वडी जमते. पिन आत जाते पण शेवटचा केसभर बसत नाही. टक् आवाज येत नाही आणि धातूची बारीक कड बाहेर दिसत राहते. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने कडेकडेने ती वडी उकरून काढा. सुई, टाचणी, हेअरपिन घालू नका, आतली पट्टी नाजूक असते. बाहेर येतं ते पाहून आपल्यालाच नवल वाटतं.

आणखी एक खूण. केबल लावलेल्या अँड्रॉइड ऑटोत गाणी केबलमधून येतात, पण फोनकॉल ब्लूटूथने जातो. म्हणजे गाणी झकास आणि कॉलमध्ये आवाज नाही, तर ब्लूटूथची जोडी मोडून पुन्हा जोडा. दोन्हीकडून विसरायला लावा, गाडीतूनही आणि फोनमधूनही. आयफोन जोडल्यावर कारप्ले येतच नसेल तर सिरी बंद केलीय का बघा. सिरीशिवाय कारप्ले चालत नाही. मुलांसाठी लावलेल्या ‘स्क्रीन टाइम’च्या बंधनातही ते अडकू शकतं.

आता पुतण्या. तो चुकीचं सांगत नाही. अँड्रॉइड ऑटोच्या सेटिंग्जमध्ये ‘व्हर्जन’वर दहाएक वेळा बोट मारलं की अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठीचा मेनू उघडतो आणि त्यात ‘अननोन सोर्सेस’ असतं. प्ले स्टोअरबाहेरून घेतलेली काही अ‍ॅप त्यानंतर गाडीत दिसू लागतात, काही तरीही नाहीत, आणि आज दिसलेलं उद्याच्या अपडेटनंतर दिसेल याची खात्री नाही. मुक्त स्रोताचं एखादं नकाशाचं अ‍ॅप त्याच्या मूळ ठिकाणाहून घेऊन कुणी या वाटेने चालवत असेल तर माझी हरकत नाही. टेलिग्रामवर कुणीतरी पाठवलेली यूट्यूबची एपीके मात्र नको. ती फाइल ज्या फोनवर चढेल त्याच फोनवर तुमचं बँकेचं अ‍ॅप आहे. शिवाय सूचना वाचण्याची आणि पडद्यावर काय चाललंय ते बघण्याची परवानगी ती मागते. ती दिली की ओटीपीही त्यात आला.

आणि रस्त्याचं बोलायचं तर समृद्धीवर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. त्या वेगात गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते; व्हिडिओकडे दोन सेकंद पाहिलं की ६६ मीटर न बघता कापले. कायदाही माहीत असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या १८४ कलमात २०१९ च्या दुरुस्तीने हातात फोन धरून वापरणं धोकादायक चालवण्यात आलं, आणि पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा कैद आहे. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमाने रस्ता बघण्यापुरती सूट दिली, तीही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. गाडी उभी असताना व्हिडिओ दाखवण्याची अधिकृत सोय गूगल आणि अ‍ॅपल दोघांनीही २०२५ मध्ये जाहीर केली आहे. पण त्यासाठी फोन नवा लागतो आणि गाडीच्या कंपनीनेही ती द्यावी लागते. पुतण्याला तोवर मागच्या सीटवर बसून फोनवर बघू द्या.

प्रश्न : जुन्या गाडीत बाजारातला अँड्रॉइड स्टिरिओ बसवून घेतला. त्यात प्ले स्टोअर आहे, यूट्यूब चालतं. मात्र फोन जोडायला गेलं की झेडलिंक नावाचं अ‍ॅप मध्येच लटकतं. दुकानदार म्हणतो रीसेट मारा. मारू का?
— एक वाचक, नांदुरा

उत्तर : इतक्यात मारू नका. वरच्या उत्तरात सांगितलेलं सगळं तुमच्या बाबतीत उलटं आहे. तुमचा स्टिरिओ हा नुसता पडदा नाही, ती डॅशबोर्डात बसवलेली स्वतंत्र अँड्रॉइड टॅबलेटच आहे. अ‍ॅप तिच्यात उतरतात, तिच्यातच चालतात आणि फोनकडून तिला फक्त हॉटस्पॉटचं नेट हवं असतं. त्यात पुन्हा झेडलिंक फोनचं अँड्रॉइड ऑटो आणतं. म्हणजे एका पडद्यावर दोन घरं झाली. फोनचा हॉटस्पॉट चालू ठेवून त्याच वेळी बिनतारी अँड्रॉइड ऑटो जोडायला गेलात तर दोन्ही फोनच्या वाय-फायवरच ओढ घेतात आणि पुष्कळ फोनना ते जमत नाही. हॉटस्पॉट बंद करून जोडा, किंवा केबल लावा. लटकणं तिथेच थांबण्याची शक्यता मोठी आहे.

झेडलिंकचं अपडेट प्ले स्टोअरवरून येत नाही, स्टिरिओ बनवणाऱ्याकडून येतं. त्याचा परवाना त्या मशीनशी बांधलेला असतो आणि सरसकट फॅक्टरी रीसेटमध्ये तो उडू शकतो. म्हणून रीसेट मारायचाच तर दुकानदाराच्या हातून, आपल्यासमोर. या स्टिरिओंच्या ‘अबाउट’मध्ये लिहिलेली अँड्रॉइडची आवृत्ती आणि रॅम याही गोष्टींवर फार विसंबू नका, फुगवून लिहिलेले आकडे या बाजारात सर्रास सापडतात. नवी अ‍ॅप चढत नाहीत किंवा चढून कोसळतात ती बरेचदा यामुळे, तुमच्या हातून काही चुकल्यामुळे नाही.

जाता जाता बसवणाऱ्याला हँडब्रेकच्या वायरबद्दल विचारा. हँडब्रेक ओढलेला असेल तरच व्हिडिओ दिसावा, म्हणून ही वायर असते. गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून बरेच जण ती ब्रेककडे न नेता बॉडीला अर्थ करून मोकळे होतात. ती जागच्या जागी लावून घ्या.

प्रश्न : माझ्या गाडीत अँड्रॉइड ऑटो बिनतारी आहे. बुलढाण्यात दिवसभर नीट चालतं. राजूर घाट उतरून मोताळा-मलकापूरकडे निघालो की उन्हाळ्यात हमखास तुटतं. घाटात काही अडथळा आहे का?
— एक वाचक, बुलढाणा

उत्तर : फोन आणि पडदा यांच्यात हातभर अंतर आहे, घाट त्यांच्यामध्ये येत नाही. दोघं आधी ब्लूटूथवर ओळख पटवतात, मग गाडीचं ५ गिगाहर्ट्‌झचं वाय-फाय पकडतात आणि चित्र त्यावरून जातं. टॉवरचा या जोडणीशी संबंध नाही.

पण तुटायला दोन गोष्टी कारण असू शकतात. पहिली म्हणजे ऊन. बुलढाणा वर पठारावर, खाली पूर्णेच्या खोऱ्यात मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. फोन गिअरपुढच्या खणात बिनतारी चार्जिंगच्या तबकावर असेल, तर तो चार्ज होतोय, वाय-फायवर चित्र पाठवतोय, जीपीएस चालवतोय आणि कमजोर टॉवर शोधत जास्त जोरही लावतोय. चारही कामं फोन तापवणारी. अ‍ॅपल आपल्या फोनसाठी ३५ अंशांपर्यंतचं बाहेरचं तापमान सांगतं. उन्हात लावून ठेवलेल्या गाडीत बसायच्या आधीच ते मागे पडलेलं असतं. तापलेला फोन आधी चार्जिंग थांबवतो, मग वेग कमी करतो, मग जोडणी सोडतो. पुढच्या फेरीला फोन तबकावरून उचलून एसीच्या झरोक्यासमोर ठेवा. तेवढ्याने तुटणं थांबलं तर चोर सापडला. उन्हाळाभर साधी केबल वापरा. तिच्यावर चार्जिंगही होतं आणि फोन कमी तापतो.

दुसरी म्हणजे फोनची हुशारी. गाडीच्या वाय-फायला इंटरनेट नसतं, ते फक्त चित्रासाठी. काही फोनमध्ये नेट नसलेलं वाय-फाय आपोआप सोडून देण्याची सोय चालू असते. वाय-फायच्या सेटिंग्जमध्ये ‘स्विच टू मोबाइल डेटा’ अशा धर्तीचं बटण सापडलं तर बंद करा. व्हीपीएन चालू असेल तर तेही बंद करून बघा.

प्रश्न : लोणारला गेलो असताना नकाशातला बाण गोल गोल फिरत होता. तिथल्या दगडात चुंबक आहे म्हणतात. खरं का?
— एक वाचक, चिखली

उत्तर : लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, उल्केच्या आघाताने बेसाल्टच्या खडकात पडलेलं. बेसाल्टमध्ये लोहखनिज असतं, त्यामुळे त्याला थोडं चुंबकत्व असतं हे खरं. गावातल्या मोठ्या मारुतीची मूर्ती चुंबकीय दगडाची आहे असं लोणारचे लोक सांगतात. पण असा खडक आपल्या बहुतेक जिल्ह्याखाली आहे आणि बाण काही मेहकरच्या बाजारात फिरत नाही.

थांबलेल्या किंवा रांगेत सरकणाऱ्या गाडीत फोनला आपण कुठे तोंड करून आहोत हे जीपीएसवरून कळत नाही. तेव्हा तो आतल्या होकायंत्राचा आधार घेतो. ते होकायंत्र भोवतालच्या लोखंडाला फार लवकर बहकतं. गाडीचा पत्रा, दारातले स्पीकर, आणि सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे डॅशबोर्डवरचा चुंबकाचा होल्डर. फोनच्या पाठीला चुंबक चिकटवून होकायंत्राकडून दिशा विचारायची, तर ते काय सांगणार! तसला होल्डर असेल तर चिमट्याचा घ्या, विवराच्या काठावर पार्किंगची जागा शोधतानाही बाण सरळ राहील. गाडी नीट चालू लागली की फोन होकायंत्र बाजूला ठेवतो आणि मागचा ठिपका, पुढचा ठिपका जोडून दिशा काढतो. म्हणून बाण फिरायला लागला तर गाडी उलटसुलट वळवत बसू नका, वीस-तीस मीटर पुढे जाऊ द्या.